करंगळीएवढी जागा : एका पद्मिनीचं नाक खाली आणताना

गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. आजोबांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली, आता नातवाच्या ताब्यात. रविवारी सकाळी तो गॅरेजला घेऊन आला तेव्हा आजोबा ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि त्यांच्या खाली सतरंजीची चौपदरी घडी होती. उतरताना ते एवढंच म्हणाले, "गाडी दिसते झकास, पण बसवत नाही."

दिसत होती खरंच झकास. पुढचं चाक मडगार्डच्या कमानीत असं भरलं होतं की मूळच्या गाडीत टायरच्या वर दिसतो तो रिकामा अर्धचंद्र पार गायब. गाडी अशी खाली बसावी म्हणून तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या. दोन तासांचं काम आणि खर्च किरकोळ. त्यानंतर प्रत्येक गतिरोधकावर दणका, काँक्रीटच्या रस्त्याच्या सांध्यांवर टकटक, आणि टायरची आतली कड झिजायला लागलेली. नातवाचं मागणं सरळ होतं : "दादा, गाडी वर करून देऊ नका. खालीच राहू दे, पण आजोबांना बसता आलं पाहिजे."

मी चाकणला नोकरी करतो, सस्पेन्शनशीच रोजचा संबंध. रविवारी मामांच्या गॅरेजमध्ये हात काळे करतो. मामांनी काळ्या-पिवळ्या पद्मिनी इतक्या खोलल्या आहेत की नटाचा आकार न बघता पाना उचलतात. आमचे दोघांचे वाद ठरलेले, या कामातही झाले.

पद्मिनीचा पुढचा भाग म्हणजे १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० चीच मांडणी. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, शॉकअप (स्प्रिंगचं डुलणं आवरणारा दांडा) आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार. मागे सरळ एक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पानं रचलेल्या स्प्रिंगा. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ती बाहेर पडली. नावं बदलली तरी पुढची चाकं टांगायची तऱ्हा तीच राहिली. मऊ स्प्रिंग, चाकाला वर-खाली जायला भरपूर वाव. खड्ड्यांच्या देशात ती इतकी वर्षं टॅक्सी म्हणून टिकली त्यात या वावाचा वाटा मोठा. नाक थोडं वर दिसतं, ते त्यापोटीच.

मामांचं निदान गाडी बघताक्षणी तयार होतं. "स्प्रिंग कापली की कडक होते. कडक झाली म्हणून आदळते. नवीन मऊ स्प्रिंग टाक." यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं. कॉइल स्प्रिंगची ताठरता तिच्या काम करणाऱ्या (टोकांचे टेकलेले सोडून मधल्या) वेढ्यांच्या उलट प्रमाणात असते, वेढे कमी केले की ती वाढते. प्रश्न एवढाच होता की किती वाढली, आणि तेवढ्याने आजोबांना सतरंजी घ्यावी लागेल का.

इथे नशीब आडवं आलं नाही. नातवाने कापलेले तुकडे टाकले नव्हते, डिकीत स्टेपनीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. प्रत्येक तुकडा दीड वेढ्याचा. गाडीतल्या स्प्रिंगला काम करणारे साडेसहा वेढे उरले होते, म्हणजे मूळचे आठ. आठ भागिले साडेसहा : ताठरता १.२३ पट. भोसरीतल्या एका स्प्रिंगवाल्याकडे टेस्टिंग मशीनवर कापलेली स्प्रिंग दाबून बघितली, मिलीमीटरला ४२ न्यूटन (साधारण सव्वाचार किलोचा जोर) भरले. म्हणजे न कापलेली साधारण ३४ ची. (हे सगळे आकडे याच गाडीचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हिच्या स्प्रिंगा किती वेळा आणि कुठल्या बदलल्या कोण जाणे. तुमच्या गाडीवर तसेच चिकटवू नका, मोजून घ्या.)

ताठरता सव्वापट झाली म्हणून गाडी सव्वापट त्रास देत नाही. शरीराला जाणवतो तो गाडी वर-खाली डुलण्याचा वेग, आणि तो ताठरतेच्या वर्गमुळाने वाढतो. मूळ गाडी सेकंदाला सुमारे १.२५ वेळा डुलायची, कापल्यावर ते १.३९ व्हायला हवं. आजच्या कुठल्याही साध्या हॅचबॅकमध्ये एवढं सहज असतं, आणि तिच्यात कोणी सतरंजी घालून बसत नाही. स्प्रिंग कडक झाली होती, पण गुन्हा एवढ्या शिक्षेचा नव्हता.

म्हणून गाडीच डुलवून बघायची ठरली. पुढचे दोन्ही शॉकअप खालून सोडवले, मी आणि गॅरेजमधला पोरगा बंपरच्या दोन टोकांना उभे राहिलो, तालात दाबलं आणि सोडलं. शॉकअप नसताना पद्मिनीचं नाक पाळण्यासारखं हलायला हवं, पाच हेलकावे तरी सहज मोजता यावेत. हिने दीड हेलकावा घेतला आणि खालून 'ठप्प' असा बोदा आवाज येऊन थांबली. पुन्हा केलं, पुन्हा ठप्प. मामा न बोलता खाली गेले, बॅटरी मारून बघितलं आणि हात बाहेर काढून मला करंगळी दाखवली.

आर्म आणि रबरी बंप स्टॉप (चाक फार वर आलं की आर्मला अडवणारा गोळा) यांच्यामध्ये करंगळी कशीबशी जाईल एवढी जागा होती. मोजली, ९ मिमी. चाकाजवळ धरली तर १५ मिमी, कारण स्प्रिंग आणि स्टॉप चाकाच्या बरेच आत बसतात; या गाडीत चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ६ मिमी हलते. तेही गाडी रिकामी असताना. मग नातू आणि आजोबांना पुढे बसवलं. दोघांचं मिळून वजन १४० किलोच्या आसपास, त्यातलं अर्धं पुढच्या चाकांवर आलं तरी नाक २३ मिमी बसायला हवं. जागा होती १५. म्हणजे इंजिन चालू करायच्या आधी, गॅरेजच्या दारात उभ्या उभ्या, गाडी रबरावर टेकली होती.

हेच दुखणं. आजोबा तीन महिने स्प्रिंगवर बसलेच नव्हते, रबराच्या गोळ्यावर बसले होते. बंप स्टॉप ही सुद्धा स्प्रिंगच, पण तिची ताठरता मुख्य स्प्रिंगच्या कित्येक पट. ती शेवटच्या दणक्यासाठी असते, रोजच्या जेवणासाठी नाही. मामांची 'मऊ स्प्रिंग' या उंचीवर टाकली असती तर गाडी आणखी लवकर टेकली असती आणि दणका वाढलाच असता. गाडी खाली ठेवायची तर स्प्रिंग मूळच्यापेक्षा थोडी ताठच हवी; वाव कमी उरला की तो पुरवून खावा लागतो. हे मामांच्या गळी उतरायला दोन चहा लागले.

गाडी खाली आली होती किती, तेही नीट मोजायला हवं होतं. लोक जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावतात, त्यात टायर आणि हवा दोन्ही मिसळतात. मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत. ओळखीतल्या एका न कापलेल्या पद्मिनीशी ताडलं, फरक आला ५२ मिमी. हिशेबाने ५५ येत होता : दीड वेढा म्हणजे मोकळी लांबी ५१ मिमीने कमी, ताठरता वाढल्याने त्यातले १८ परत, उरले स्प्रिंगपाशी ३३, चाकापाशी ५५. इतक्या जुन्या दोन गाड्यांत तीन मिमीची तफावत मला चालते.

स्प्रिंग बाहेर काढली तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या, आणि त्या आरामापेक्षा गंभीर होत्या. एक, गॅसने कापलेलं टोक निळं पडलेलं. तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा टणकपणा, उतरलेलं, आणि सपाट न घासल्यामुळे स्प्रिंग बशीत एका कडेवर तिरकी बसलेली. दुसरी जास्त वाईट. गाडी जॅकवर घेतली, चाक पूर्ण लोंबू दिलं, तर स्प्रिंग हाताने फिरत होती. मूळ स्प्रिंग चाक लोंबकळल्यावरही जवळजवळ ५० मिमी दाबलेली राहते. ही तीन मिमी कमी पडत होती. एखाद्या उंचवट्यावरून चाक हवेत गेलं आणि खाली येताना स्प्रिंग बशीतून सरकलेली असली, तर पुढे काय होईल ते सांगायला इंजिनीअर लागत नाही. स्प्रिंग कापून घेणाऱ्यांनी आराम वगैरे विसरा, एवढी एक चाचणी जॅक लावून आजच करा.

आता उपाय. नातवाने मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दाखवल्या, ज्यांत स्प्रिंगला हात न लावता चाकाचा स्टब एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) वर सरकवलेला असतो. वाव सगळा शाबूत आणि गाडी खाली. कल्पना म्हणून यापेक्षा चांगली नाही, माझंही मन तिकडेच गेलं. पण पद्मिनीसाठी असा तयार भाग मिळत नाही. आपल्याकडे तो करायचा म्हणजे कापून वेल्डिंग करायचं, आणि चाक ज्यावर टांगलंय त्या घडीव लोखंडावर वेल्डिंग मी करू देणार नाही, मामा तर अजिबात नाहीत. त्यात कायद्याचीही बाजू होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते; अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. ही गाडी २०२८ साली पन्नाशी गाठेल आणि नातवाला ती पाटी हवी आहे. (व्हिंटेज झालेली गाडी रोज फिरवायला परवानगी नसते, हे कलम त्याने अजून वाचलेलं नसावं.) म्हणून मी अट घातली : जे काही करू ते चार बोल्ट सोडून उलटं करता आलं पाहिजे. कापाकापी नाही, वेल्डिंग नाही.

उरली एकच वाट. नवीन स्प्रिंग, पण हिशेबाने. पहिली तडजोड उंचीत. ५५ मिमी खाली ठेवून आराम मिळणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. मूळ गाडीत बंप स्टॉपपर्यंत चाकाला ७० मिमी वाव, त्यातले ५५ दिसण्यासाठी खर्चले तर उरतं काय? घासाघीस होऊन ३० वर आलो. नातवाचं तोंड उतरलं. मी चाकाजवळ खडूने रेघ मारून दाखवली : टायरचा माथा कमानीच्या किंचित खाली, पण तो अर्धचंद्र निम्मा झालेला. तो म्हणाला, ठीक आहे, बघू.

चाकापाशी ३० म्हणजे स्प्रिंगपाशी १८. तार त्याच जाडीची, साडेबारा मिमी. वेढ्याचा घेरही तोच, म्हणजे बशीत नीट बसेल. काम करणारे वेढे आठाऐवजी सात. ताठरता १४ टक्के वाढली, मिलीमीटरला ३९ न्यूटनच्या आसपास. मोकळी लांबी ३०० ऐवजी २७०. चाक लोंबकळलं तरी १८ मिमी दाब शिल्लक, म्हणजे सुटायची भीती नाही. डुलण्याचा वेग सेकंदाला १.३४. कापलेल्या स्प्रिंगपेक्षा मऊ, मूळपेक्षा जरा ताठ. एखादा म्हणेल, दीड वेढा कापण्याऐवजी एकच कापला असता तर तेच झालं असतं की. आकड्यांत जवळपास तेच. पण टोक चपटं करून घासलेलं, वेढे सारख्या अंतराचे, आणि मुख्य म्हणजे पोलाद कुठेही भाजलेलं नाही, हे कापून मिळत नाही.

भोसरीवाल्यांनी क्रोम-व्हॅनेडियमच्या तारेची जोडी वळून दिली. दोन नगांसाठी मशीन लावायला ते आधी तयार नव्हते. आजोबा स्वतः जाऊन बसले, मग झालं. वळून झाल्यावर भट्टीतून ताण काढणं, वर पृष्ठभाग घट्ट व्हायला छर्ऱ्यांचा मारा, आणि मग 'सेट' करणं : स्प्रिंग वेढ्याला वेढा टेकेपर्यंत तीनदा दाबायची, म्हणजे जे काही बसायचं ते कारखान्यातच बसतं, गाडीत बसत नाही. ही शेवटची पायरी स्वस्त कामात गाळतात आणि सहा महिन्यांनी गाडी आणखी दोन बोटं खाली गेली म्हणून गिऱ्हाईक परत येतं.

दुसरा वाव बंप स्टॉपमधून काढला. मूळचा स्टॉप घट्ट रबराचा, वयाने दगड झालेला. त्याच्या जागी आजच्या छोट्या गाड्यांच्या शॉकअपच्या दांड्यावर असतो तसा फोमसारखा पॉलियुरेथेनचा स्टॉप, ९ मिमी बुटका करून, मूळच्याच भोकात बसेल अशा पट्टीवर लावला. हा टेकतो तेव्हा आधी मऊपणे दबतो, मग हळूहळू कडक होतो. ठप्प होत नाही. या बदलाने चाकापाशी १५ मिमी परत मिळाले. हिशेब मांडला तर गाडी ३० मिमी खाली, पण वाव गेला फक्त १५. रिकाम्या गाडीत ५५ मिमी, दोघं पुढे बसल्यावर ३१. आधीच्या उणे आठच्या जागी एकतीस.

शॉकअप गळत होते, जोडी नवी टाकली. फार बोलण्यासारखं त्यात काही नाही.

बुशांवर मात्र बोलायला हवं, कारण इथे भलेभले चुकतात आणि मामाही चुकत होते. आर्मचे रबरी बुश (आर्म बोल्टने जोडतो तिथल्या रबरी नळ्या) बसवले, गाडी अजून जॅकवर, चाकं लोंबकळलेली, आणि मामांनी बोल्ट कचकचून आवळायला घेतले. मी पाना धरला. रबरी बुश बोल्ट आवळलेल्या जागी घट्ट धरला जातो, नंतर आर्म हलतो तेव्हा रबराला पीळ बसतो. लोंबकळत्या स्थितीत आवळला तर गाडी चाकांवर उतरताच सगळे बुश पिळलेले. ते स्वतः स्प्रिंगसारखे वागतात, गाडी उंच धरून ठेवतात, छोट्या खड्ड्यांवर कडक वाटतात आणि वर्षभरात फाटतात. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे दोन माणसं बसवायची, चार पावलं मागे-पुढे ढकलायची, आणि मग खाली झोपून आवळायचं. गैरसोयीचं आहे. मामा खाली झोपले, वर आजोबा आणि पोरगा बसले, आणि आतून मामांचा आवाज आला, "इतकी वर्षं उगाच बुश विकले म्हणायचे."

अलाइनमेंटला फाटा देता येत नाही. नाक खाली आलं की आर्म आणि स्टेअरिंगचे रॉड दोन्ही आपले कोन बदलतात, पण सारख्या प्रमाणात नाही, म्हणून चाकांचं तोंड आत किंवा बाहेर वळतं. टायरची आतली कड झिजत होती ती त्यामुळे. कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन, तोही घटतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३४० मिमी, त्यावर ३० मिमी म्हणजे पाऊण अंशाला जरासं कमी. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून परत येण्याचा जोर तेवढा कमी होतो. आणि कोणाच्याच लक्षात न येणारी गोष्ट, हेडलाइट. तेवढाच कोन दिव्यांनाही लागतो, दहा मीटरवर उजेड सुमारे १३ सेंटिमीटर खाली पडतो. भिंतीवर खडूने खुणा करून दिवे पुन्हा लावले. टायरवाल्याने ३५ ची हवा भरून ठेवली होती, नऊशे किलोच्या गाडीला कशाला? २६ वर आणली. त्या एका गोष्टीने काँक्रीटच्या सांध्यांची टकटक अर्ध्यावर आली, आणि खर्च शून्य. सुरुवात खरं तर तिथूनच करायला हवी होती.

चाचणीसाठी दोन साधनं. बंप स्टॉपवर लहान मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा उभा कांडा चिकटवला, स्टॉपपाशी मोकळी जागा ३३ मिमी म्हणून ३० मिमी उंचीचा. आणि डॅशबोर्डवर झटके मोजणारा मोबाइल. रस्ता कोथरूडमधला नेहमीचा. रस्त्यांच्या नियमांच्या पुस्तकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि ताशी २५ किमीला आरामात ओलांडता येईल असा असतो. आमच्या गल्लीतला उंचीला पुस्तकातला आणि रुंदीला पोळपाटाएवढा आहे, म्हणून परीक्षेला उत्तम. साध्या रस्त्यावर दोन किलोमीटर जाऊन आलो तेव्हा क्लेचा कांडा १२ मिमी उरला होता, म्हणजे स्टॉपला स्पर्शच नाही. गल्लीतल्या गतिरोधकावर १५ च्या वेगाने तो चपटा झाला. गाडी टेकली, पण आम्हाला आत कळलं नाही, खाली वाकून बघितल्यावर कळलं. मोबाइलवरचा झटका कापलेल्या स्प्रिंगच्या निम्म्याहून खाली. शॉकअप लावण्याआधी डुलवून बघितलं होतं, तेव्हा पाच हेलकावे पावणेचार सेकंदांत. हिशेबाच्या १.३४ शी जुळलं आणि मी मामांकडे बघितलं. मामांनी बघितलं नाही.

दोन महिने आणि हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा टेप लावला. डावी बाजू २ मिमी, उजवी ५ मिमी बसली होती. नातू बहुतेक वेळा एकटा चालवतो, त्याचं वजन उजवीकडे. तीन मिमीसाठी स्प्रिंग काढायची नाही, पुढे कधी उघडली तर वर रबरी चकती घालू, असं ठरलं. टायर सारखे झिजताहेत.

एक तक्रार मात्र नवीन आली, आणि ती आमच्याच कामातून निघाली. पुढचा दणका गेल्यावर आता मागचा ऐकू येतो. पद्मिनीचे मागचे पाटे गंजून एकमेकांना चिकटले आहेत, पानांवर पानं सरकत नाहीत, त्यामुळे मागचं टोक छोट्या खड्ड्यांवर पाट्यांऐवजी टायरवरच उड्या मारतं. ताशी ४० च्या वेगात पुढच्या चाकानंतर पाव सेकंदाच्या आत मागचं चाक त्याच खड्ड्यात जातं. पुढचं टोक सावकाश उठत असताना मागचं जरा चटकन उठलं तर दोन्ही एकत्र वर-खाली होतात आणि माणूस झुलतो. मागचं चिकटलेलं असलं तर गाडी मान डोलावते. आजोबांची सतरंजी पुढच्या सीटवरून निघाली, ती आजी मागे बसतात त्यांच्याकडे गेली आहे. दिवाळीनंतर पाटे उतरवून, पानं सुटी करून, घासून, मध्ये ग्रीस भरायचं आहे. मामांनी त्यासाठी आत्ताच सांगून ठेवलंय, बोल्ट जॅकवर आवळायचे की खाली, ते आधी ठरवून या.